झडतीच्या कागदावर तीन, घरात चार

माझ्या मावशीची मुलाखत ध्वनिमुद्रित करायला मी २०१८ च्या पावसाळ्यात सुरुवात केली, तेव्हा हे काम चार-सहा बैठकांत आटोपेल असे मला वाटले होते. फोंडा तालुक्यातल्या शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला आहे आणि गोवा मुक्तिसंग्रामाचा धडा मला पाठ आहे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले इथून तो सुरू होतो आणि १९ डिसेंबर १९६१ च्या शरणागतीपाशी संपतो. त्या धड्यात स्त्रिया आहेत. १९५५ च्या एप्रिलमध्ये म्हापशाला गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून पुढे झालेल्या आणि अटक झालेल्या सुधाताई जोशी आहेत. वयाच्या बाविसाव्या वर्षी बारा वर्षांची शिक्षा झालेल्या मित्रा बीर आहेत. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात तिरंगा घेऊन चालताना गोळी लागलेल्या, मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय आहेत. ही नावे मी दर वर्षी फळ्यावर लिहिली. आपल्याच मावशीला मात्र मी निवृत्त होईपर्यंत एकदाही काही विचारले नव्हते. याचे मला आजही वाईट वाटते.

मावशीचे सासर फोंडा तालुक्यातच, आतल्या भागात. तिचा थोरला दीर सशस्त्र गटात होता, एवढे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. त्याला पोर्तुगीजांनी पकडले, लष्करी न्यायालयात उभे केले, शिक्षा झाली. पुढे १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले, तेव्हा त्यालाही मिळाला आणि तो आजही त्या घरच्या दिवाणखान्यात टांगलेला आहे. दर १९ डिसेंबरला त्याला हार घातला जाई. कार्यक्रमाला आलेल्या मंडळींना चहा-फराळ देण्याचे काम मावशीकडे असे. मी तिला त्या दिवशी नेहमी स्वयंपाकघराच्या दारातच पाहिलेले आहे.

पहिली बैठक पूर्ण फसली, आणि ती का फसली हे कळायला मला महिना लागला. मी दिवाणखान्यात, ताम्रपटाखालीच, टेबलावर ध्वनिमुद्रक ठेवला. मावशीला खुर्चीत बसवले. तिचे दोन पुतणे आणि एक नातू कौतुकाने भोवती बसले. प्रश्न मी वहीत लिहून आणले होते आणि पहिला प्रश्न होता, ‘मुक्तिलढ्यात तुझा सहभाग काय होता?’ मावशीने पुतण्यांकडे पाहिले, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘आमी कितें केलें? रांदलें, वाडलें.’ आम्ही काय केले, रांधले आणि वाढले. पुढचा पाऊण तास पुतण्यांनी आपल्या काकांच्या हकिकती सांगितल्या आणि मावशी मान डोलावत राहिली. घरी येऊन ते ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा त्यात तिची सगळी मिळून अकरा वाक्ये निघाली.

‘सहभाग’ या शब्दानेच मी तिला बाहेर ठेवले होते, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. तिच्या लेखी सहभाग म्हणजे ताम्रपट मिळालेल्यांचा. दुसरे असे की तिची भाषा घरातली कोंकणी, अंत्रुज महालातली म्हणजे फोंड्याकडची, आणि मी विचारत होते ते सभेच्या मराठीत. आमच्याकडे हे नेहमीचेच आहे. आम्ही बोलतो कोंकणीत आणि लिहितो मराठीत, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना कोणाचे काय गळते याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. मी वही मिटली आणि पुढच्या वेळी कोणी पुरुष घरात नसेल अशी सकाळ धरून गेले.

त्या सकाळी ती आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवत होती. मी जवळ पाटावर बसले, ध्वनिमुद्रक चालू केल्याचे तिला सांगितले, आणि एवढेच विचारले की त्या काळात रात्री-अपरात्री माणसे जेवायला यायची, तर तांदूळ कुठून आणत होतीस? तिचे हात थांबले नाहीत, पण बोलणे सुरू झाले आणि नारळाची दुसरी वाटी खवून होईपर्यंत थांबले नाही.

भाताच्या हिशेबातून सगळे निघाले. घरात माणसे किती, त्यांना पेजेला उकडे तांदूळ किती, आणि वरचे चार-पाच जण आले तर ते कसे भागवायचे की शेजारणीला आपल्या घरचा तांदूळ लवकर संपल्याचा संशय येऊ नये. उसने मागायला जाणे धोक्याचे होते, कारण उसने मागणारे घर लगेच डोळ्यांत भरते. म्हणून सासू, जाऊ आणि ती, अशा तिघीजणी एक वेळच्या पेजेवर राहत आणि उरलेला तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकत. आलेल्या माणसांच्या पत्रावळी रात्रीच जाळायच्या, कारण सकाळी उकिरड्यावर किती पत्रावळी पडल्या ते वाटेवरून दिसते. विहिरीवर पाणी काढताना रहाट वाजू नये म्हणून त्याला रात्री खोबरेल लावायचे. हे तिला कोणी शिकवले, असे मी विचारले, तर तिला प्रश्नच कळला नाही. शिकवायचे काय त्यात, असा तिचा चेहरा होता. माझ्या मते ज्याला सैन्यात रसद आणि गुप्तता म्हणतात ती दोन्ही खाती त्या स्वयंपाकघरात सतरा-अठरा वर्षांची एक सून आणि तिची सासू सांभाळत होत्या, आणि त्यांच्यापाशी त्यासाठी वेगळा शब्द नव्हता.

वर्ष कोणते, हे मात्र ती सांगू शकत नव्हती. साल विचारले की ती गप्प होई. मग एका बैठकीत ती सहज म्हणाली की त्या दिवसांत बाजारात परदेशातले बटाटे आले होते, आणि मला धागा मिळाला. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद झाली, घाटावरून येणारा माल थांबला, आणि पोर्तुगीज सरकारला बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आणावे लागले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली होती आणि दिवाळी यायची होती, हेही तिला पक्के आठवत होते. म्हणजे ऑक्टोबरचा सुमार. आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेचे मोहन रानडे, जे आमच्याच तालुक्यात सावई-वेरे येथे मराठी शिक्षक म्हणून राहिले होते, ते बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले ते याच महिन्यात. पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेले आणि १९६९ साली ते सुटले. इतिहासाच्या पुस्तकातला ऑक्टोबर आणि मावशीचा चवथ-दिवाळीच्या मधला महिना, हे दोन्ही एकच आहेत हे जुळले त्या रात्री मला झोप लागली नाही.

सहाव्या बैठकीत ती झडतीविषयी बोलली. इथे मला सावकाश लिहायला हवे.

निरोप पहाटे आला की पोलीस गावात शिरले आहेत. दीर आदल्या रात्रीच निघून गेला होता, पण जाताना मेणकापडात बांधलेले एक पुडके ठेवून गेला होता. मावशीने ते उघडून पाहिले नव्हते. आत काय होते, या प्रश्नावर तिने दोन्ही तळवे पुढे करून वजन दाखवले: शेरभर तांदळापेक्षा जड, आणि त्याच्या निम्म्याहून लहान. धान्य मापणाऱ्या हाताला एवढे पुरेसे होते. आत लोखंड किंवा शिसे आहे हे तिला कळले होते. पुरुषमाणसे घरात नव्हतीच. सासूने पुडके उचलले, सुनेच्या हातात दिले आणि मागच्या पडवीकडे बोट केले. तिथे महिन्याच्या चार दिवसांत बायका वेगळ्या बसत. एक चटई, एक वाकळ, एक तांब्या, एवढेच तिथे असे.

‘हांव भायर बशिल्लें,’ मावशी म्हणाली, आणि मग लगेच मला सांगितले की तिला खरे तर त्या दिवसांत काही आले नव्हते. सासूने बसायला सांगितले म्हणून ती बसली. पुडके वाकळेखाली, वर ती.

आमच्या कोंकणीत तरुण मुलगी स्वतःविषयी नपुंसकलिंगात बोलते. ऐंशी उलटलेली मावशी एरवी स्वतःविषयी स्त्रीलिंगात बोलते, पण झडतीची हकिकत सांगताना तिचे क्रियापद बदलले आणि पुडके घराबाहेर जाईपर्यंत ते तसेच राहिले. मी हे मराठीत ‘मी बाहेर बसले होते’ असे लिहिते तेव्हा ती मुलगी दिसेनाशी होते. उतारा करताना मी ते मूळ वाक्य तसेच ठेवले आहे.

पोलिसांबरोबर एक पाखलो, म्हणजे गोरा पोर्तुगीज, अधिकारी होता आणि बाकीचे शिपाई इथलेच. त्यांनी भाताच्या कणग्या उपसल्या, देवघरातले ताम्हन उलटे करून पाहिले, माळ्यावरच्या सुकवलेल्या आमसुलांत काठी खुपसली. मग एक शिपाई मागच्या दाराशी आला. सासू उंबऱ्यावर उभी होती. तिने त्याच्याकडे न बघता एवढेच म्हटले, ‘सून भायर बसल्या.’ तो शिपाई हिंदू होता. तो जिथे होता तिथेच थांबला. अधिकाऱ्याने काहीतरी विचारले, शिपायाने मान खाली घालून काहीतरी उत्तर दिले, आणि ते वळले. मावशीला फक्त बुटांचा आवाज ऐकू आला. तिला किती भीती वाटली, असे मी विचारले तेव्हा तिने ‘भिरांत’ हा शब्द वापरला आणि उजव्या हाताने चटईची कड घट्ट धरल्याची खूण करून दाखवली. ती खूण ध्वनिमुद्रणात येत नाही, म्हणून वहीत त्या जागी मी तिचे वर्णन लिहून ठेवले.

सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत ती सासू गावात सर्वांत कडक होती. ओल्या वस्त्राने देवाचे पाणी भरणारी बाई. तिने देवघर असलेल्या घरात विटाळाचे खोटे बोलले आणि सुनेकडून ते खोटे पाळून घेतले. कारण त्याच दिवशी सून उठून घरात वावरू लागली असती, तर शेजारणीने विचारले असते. म्हणून मावशी पूर्ण चार दिवस पडवीत राहिली. रात्री गारठा असे आणि पुडके अंगाखालीच होते. चौथ्या पहाटे एक माणूस आला, सासूने ते त्याला दिले आणि मावशीला न्हायला सांगितले. त्यानंतर कितीतरी सोमवार सासूने उपास धरला. कशाचा, हे तिने सांगितले नाही आणि मावशीनेही विचारले नाही.

दिराला हे कधी कळले का, असे मी विचारले. मावशी म्हणाली, पुडके मिळाले हे त्याला कळले, कुठे होते ते नाही. दिराला कोण सांगणार? ताम्रपट मिळाल्यावर घरी सत्कार झाला, पाहुण्यांनी काकूंचेही मोठे सहकार्य असे म्हटले, तेव्हाही हे सांगता येण्यासारखे नव्हते. सगळे पुरुष बसलेले आणि विषय असा. ‘कोणें केन्नाच विचारलें ना,’ ती म्हणाली. कोणी कधी विचारलेच नाही. विचारले असते तरी दिवाणखान्यात तिने सांगितले नसते, हे मी पहिल्या बैठकीत प्रत्यक्ष पाहिले आहे. त्यामुळे या प्रकारच्या मुलाखती बायकांनी बायकांच्या घ्याव्यात आणि त्या घराच्या मागच्या बाजूला बसून घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पुढचे काम कागदांचे होते. मावशीच्या संमतीने मी एका कार्यालयात चौकशी केली की तिच्यासारख्या स्त्रियांची कुठे नोंद करता येते का. समोरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, ‘त्यांना अटक झाली होती का?’ नाही म्हटल्यावर त्याने माझा अर्ज वाचायचे थांबवले. त्याला मी दोष देत नाही, कारण त्याच्यापुढचा नियमच तसा आहे. केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागतो, स्त्रियांना तो तीन महिन्यांचा. भूमिगत म्हणायचे तर फरारी म्हणून घोषित झालेले असावे लागते, डोक्यावर बक्षीस असावे लागते, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघून तो बजावता आलेला नसावा लागतो. म्हणजे शत्रूच्या दफ्तरात नाव आले असेल तरच आपल्या दफ्तरात येणार. मावशीने आणि तिच्या सासूने सारी शक्ती आपले नाव त्या दफ्तरात येऊ नये यासाठी लावली होती, आणि त्यात त्या यशस्वी झाल्या. १९४३ साली सिंगापूरला आझाद हिंद सेनेत झाशीची राणी पथक उभे राहिले. त्यातल्या स्त्रियांना गणवेश होता, म्हणून त्यांची गणती तरी करता आली. मावशीला पेन्शन नको होते, आणि मलाही ते मिळवून द्यायचे नव्हते. आम्हाला फक्त कुठेतरी लिहून ठेवायचे होते.

दिराच्या पेन्शनची फाईल पत्र्याच्या पेटीत होती. पुतण्याने ती आनंदाने काढून दिली. त्यात निकालाची प्रमाणित प्रत होती, तुरुंगाचा दाखला होता आणि खाली, कोणी कधी न पाहिलेला, पोर्तुगीजमधला दोन पानांचा कागद होता: ‘आउतु द बुश्क’, म्हणजे झडतीचा पंचनामा. मला पोर्तुगीज येत नाही. आमच्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ मुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकलेले आहेत. त्यांच्यापुढे मी तो ठेवला. त्यांनी आधी नावे लावून दिली, कारण पोर्तुगीज लिखाणात आपला कामत ‘कामोतीम’ होतो आणि प्रभू ‘पोरोबो’ होतो, त्यामुळे आपल्याच घरचा माणूस ओळखू येत नाही. मग चष्मा पुसून त्यांनी दुसऱ्या पानावरची ओळ वाचली: घरात तीन स्त्रिया होत्या, व्यवसाय ‘दोमेस्तिका’, घरकाम, झडतीत काहीही सापडले नाही. तारीख चवथ आणि दिवाळीच्या मधली होती.

तीन म्हणजे सासू, जाऊ आणि विधवा आतेसासू. पडवीत बसलेली चौथी त्यांनी मोजलीच नव्हती. मी माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत अनेक अस्सल कागद हाताळले आहेत, पण ‘काहीही सापडले नाही’ या शब्दांत कोणाचे तरी कर्तृत्व नोंदवलेले असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

त्यानंतरच्या बैठका सोप्या गेल्या. डिसेंबर १९६१ विषयी तिच्यापाशी फार काही नव्हते. पूल उडवल्याचे आवाज आणि रस्त्यावरून गेलेल्या लष्करी गाड्या, इतकेच. रेडिओविषयी मात्र ती भरभरून बोलली. एका नातेवाइकाच्या घरी दार लावून मुक्तीचे केंद्र ऐकत, आणि त्यावर बाईचा आवाज येई. ही बाई कोण, हे तिला ठाऊक नव्हते. त्या होत्या लिबिया लोबो, पुढच्या लिबिया लोबो सरदेसाई. नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई यांच्यासह सीमेपलीकडच्या अरण्यातून त्यांनी ते भूमिगत केंद्र चालवले आणि पोर्तुगीजांच्या शरणागतीची बातमी विमानातून ध्वनिक्षेपकावर जाहीर केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली त्या दिवशी मी त्यांचे छायाचित्र घेऊन मावशीकडे गेले. तिने ते बराच वेळ पाहिले आणि आवाजावरून आपण हिला उंच समजत होतो, असे म्हणाली.

एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचा उतारा करायला मला सहा-सात तास लागत. उतारा झाला की तो मी तिला मोठ्याने वाचून दाखवी आणि ती दुरुस्त करी. पडवीचा भाग लिहायचा की नाही, यावर आम्ही दोन महिने बोलत होतो. शेवटी तिने परवानगी दिली, पण घराचे आणि गावाचे नाव छापू नये अशी अट घातली. ती मी इथे पाळली आहे.

संमतिपत्रावर सही घ्यायच्या दिवशी मी तो पंचनामा बरोबर नेला आणि तिला त्यातली ओळ कोंकणीत सांगितली. तिने कागद हातात घेतला. तीन हा आकडा कुठे लिहिला आहे ते विचारले, मी बोट ठेवून शब्द दाखवला, आणि तिने माझे बोट बाजूला करून तिथे स्वतःचे ठेवले. ‘तीन न्हय, चार,’ ती म्हणाली. मग मी तिचे नाव संमतिपत्रावर लिहू लागले तर तिने मला थांबवले. ‘पयलीं मांयचें नांव बरय.’ आधी सासूचे नाव लिही. सासूचे सासरचे नाव मला ठाऊक होते, ते मी लिहिले. मावशीने ते वाचून पाहिले आणि त्याच्या वर, लग्नाआधीचे नाव, जे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते, ते मला एकेक अक्षर सांगून लिहायला लावले.